रूपांतराचा हक्क (सातारा–सांगली)

रूपांतराचा हक्क : कथा, कादंबरी वा चित्रकथा यांवरून नाटक, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी-मालिका तयार करण्याचा अथवा तशी परवानगी देण्याचा मूळ कर्त्याचा हक्क. ग्रंथ छापण्याच्या हक्काहून तो भिन्न होय. तथापि दोन्ही हक्क एकाच कागदाने व एकाच रकमेत देऊन टाकल्याची उदाहरणे जगभर आढळतात. जेरी सीगेल व जो शूस्टर या अमेरिकन तरुणांनी ‘सुपरमॅन’ या चित्रकथेचे हक्क १९३८ मध्ये अवघ्या १३० डॉलरना विकले. १९५२ पासून तीवर दूरचित्रवाणी-मालिका झाली. कर्त्यांना वार्षिक मानधन व नामनिर्देश मिळण्यास मात्र १९७५ अखेर उजाडली.

सातारा–सांगली भागात हा प्रश्न चित्रकथेऐवजी ग्रामीण कादंबरीच्या संदर्भात उद्‌भवला. अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांचे जन्मगाव वाटेगाव (ता. वाळवा) त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. साठे यांच्या ‘वैजयंता’ या कादंबरीवर १९६१ मध्ये, ‘फकिरा’वर १९६३ मध्ये व ‘वारणेचा वाघ’वर १९७० मध्ये त्याच नावांचे चित्रपट निघाले. ‘आवडी’ मात्र ‘टिळा लाविते मी रक्ताचा’ (१९६९) झाली आणि ‘आलगुज’ ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ (१९७४) या नावाने पडद्यावर आली. नाव बदलल्याने हक्क बदलत नाही, हे खरे. पण पुस्तकाचे नाव पुसले गेले, की प्रेक्षकाची मूळ ग्रंथाकडे जाणारी वाट बुजते. यांपैकी काही चित्रपट हयातीत निघूनही लेखकाचे अखेरचे दिवस मुंबईत हलाखीत गेले.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी तीन वर्षे लेखक निवर्तला होता. त्यामुळे जुना चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविणे व त्याच कादंबरीवरून नवी मालिका करणे, यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. पहिल्या बाबतीत निर्मात्याचा हक्क चालतो. दुसऱ्या बाबतीत कादंबरीच्या हक्कधारकाची परवानगी लागते. कारण १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार चित्रपटावरील हक्कामुळे मूळ साहित्यकृतीवरील स्वतंत्र हक्क बाधित होत नाही. या अधिनियमातील मरणोत्तर ५० वर्षांची मुदत १९९२ च्या दुरुस्तीने ६० वर्षे झाली. परिणामी साठे यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत टिकतो.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचा अनुभव निराळा. जुन्या औंध संस्थानातील माडगूळचे (ता. आटपाडी) हे लेखक. त्यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीवर अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये चित्रपट केला आणि त्याच्या निर्मितीत खुद्द दूरदर्शनचा सहभाग होता. नाव तेच राहिले. लेखकही हयात होता.

हक्काचे हस्तांतर लेखी व देणाऱ्याच्या सहीचे असावे, असे अधिनियम सांगतो. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे मानावी, ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमास, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, हस्तांतर लागू होणार नाही, अशी तरतूद २०१२ मध्ये झाली. साठे यांच्या कादंबऱ्यांवरील चित्रपट मात्र या दोन्ही दुरुस्त्यांपूर्वीचे असून त्यांच्या बाबतीत मूळ करारपत्रातील शब्दच प्रथम पाहावे लागतात.