वेड आणि लौकिक

महानुभाव पंथ ज्यांस परमेश्वराचा अवतार मानतो, त्या गोविंदप्रभूंचे चरित्र म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा ग्रंथ पदवीपरीक्षेपुरता चाळला असेल. आणि त्यातील जुन्या विभक्तिप्रत्ययांपलीकडे त्यांस आज काही आठवत नसेल, तर तो दोष आम्हां अध्यापकांचा आहे. वस्तुतः एका मनुष्याचे लोकविलक्षण वागणे, आणि त्या वागण्यास गावाने काय म्हटले, ह्या दोहोंची इतकी बारीक नोंद जुन्या मराठीत क्वचितच दुसरीकडे सापडेल. वऱ्हाडातील ऋद्धिपूर हे ते गाव. गुंडम राऊळ ह्या नावाने तेथे ओळखले जाणारे हे सत्पुरुष वाटेल त्या घरात शिरत, चुलीपाशी असेल ते खात, देवळातील मूर्तींशी बोलत, पोराप्रमाणे खेळत व क्षणात संतापत. ब्राह्मणांच्या ओटीवर जात तसेच मांगवाड्यातही जात. गाव त्यांस वेडे म्हणे, पिसे म्हणे. हे दोन शब्द ग्रंथात इतक्या वेळा येतात की त्यांचे जणू पालुपदच झाले आहे. चरित्र लिहिणारा भक्त, तरी त्याने ते शब्द झाकले नाहीत.

परंतु ज्या तोंडाने गाव त्यांस पिसे म्हणे, त्याच तोंडाने माय व बापही म्हणे. बायका त्यांस जेवू घालीत, त्यांचे रुसवे काढीत, अडल्या वेळी त्यांच्याकडेच धाव घेत. गोविंदप्रभूंच्या वागण्यास आजच्या वैद्यकातील एखादे नाव डकवावे असा आमचा मुळीच हेतू नाही. सातशे वर्षांपलीकडील मनुष्याची नाडी पोथीवरून पाहणे हे वैद्यक नव्हे आणि इतिहासही नव्हे. आमचे लक्ष आहे ते गावाकडे. 'वेडा' हा शब्द तेथे उंबरठ्याच्या आत उच्चारला जात होता, आणि ज्यास तो लावला तो मनुष्यही उंबरठ्याच्या आतच होता.

ह्यावरून पूर्वी सारे गोड होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याच्या ठायी लोकांस ईश्वर दिसला नाही, त्या वेड्याचे चरित्र कोणी लिहिले नाही. त्याच्या वाट्यास खांब, साखळदंड व मांत्रिकाचा वेत हेच आले असावे, असे मानण्यास जागा आहे. कारण ते अगदी परवापर्यंत येत होते. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयास आणलेल्या रोग्यांच्या झोपडीस ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली व २८ जीव गेले. साखळ्यांनी जखडलेले असल्यामुळे त्यांस पळता आले नाही.

आमच्या प्रांतात इंग्रजी अमदानीने ह्या प्रश्नास जे उत्तर दिले ते भिंतीचे. मुंबईत कुलाब्यास १८२६ मध्ये वेड्यांचे इस्पितळ निघाले. पुढे रत्नागिरीस १८८६ मध्ये, ठाण्यास १९०१ मध्ये व येरवड्यास १९०७ मध्ये. साखळीपेक्षा भिंत बरी, हे आम्ही मान्य करतो. ह्या संस्थांत मायेने राबलेले वैद्य व परिचारक होऊन गेले, हेही खरे. पण भिंतीच्या आत जाण्याची वाट कोठून होती हे पाहिले पाहिजे. १८५८ च्या कायद्याने व नंतर १९१२ च्या कायद्याने भटकणाऱ्या वेड्यास धरण्याचे काम पोलिसाकडे, आणि त्यास आत पाठविण्याचा हुकूम देण्याचे काम मॅजिस्ट्रेटाकडे दिले. ज्वर आला तर वैद्य येतो, मन बिघडले तर शिपाई येतो, हे ज्या समाजाने तीन-चार पिढ्या डोळ्यांनी पाहिले, त्याने ह्या दुखण्यास रोग न समजता गुन्ह्याचे भावंड समजावे ह्यात नवल ते काय? १९२० नंतर 'असायलम' हे नाव टाकून 'मेंटल हॉस्पिटल' म्हणू लागले, मराठीत कालांतराने 'मनोरुग्णालय' हा भारदस्त शब्द रुळला. पण थट्टेच्या भाषेत माणसास अद्याप ठाण्यास किंवा येरवड्यासच पाठवितात. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ही थट्टा आम्ही ऐकली आहे, आणि, खोटे कशाला बोलावे, केलीही आहे.

ह्याहून खोल मुरलेली गोष्ट लग्नाची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जडबुद्धी व वेडा ह्यांस विवाहास अपात्र ठरविले. १९७६ मध्ये ही भाषा सुधारली, परंतु सुधारताना तीत अपस्माराचीही भर घातली. म्हणजे ज्यास मधूनमधून फेफरे येते, पण ज्याची बुद्धी तुमच्याआमच्यासारखी शाबूत आहे, तोही त्याच ओळीत जाऊन बसला. ती चूक दुरुस्त व्हावयास १९९९ साल उजाडावे लागले. स्थळे पाहणाऱ्या मंडळींस कायद्याची कलमे ठाऊक नसतात, हे आम्हांस मान्य आहे. त्यांचे कलम एकच व ते अलिखित: 'घराण्यात आहे का?' ह्या चार अक्षरी 'घराण्यात'ने एका माणसाचे दुखणे साऱ्या कुळाचे होते, आणि मग ते लपविणे हे साऱ्या कुळाचे कर्तव्य ठरते.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आम्ही लक्षपूर्वक वाचला आहे. रोग्यास साखळीने बांधण्यास त्याने बंदी केली. पुढे आपणांवर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. शारीरिक रोगांप्रमाणेच ह्या रोगांसही विम्याचे संरक्षण असावे असे सांगितले. चांगला कायदा आहे. पण तो पोचतो दवाखान्याच्या दारापर्यंत. दिवाणखान्यात तो कसा पोचावा?

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील तिन्हीसांजेस घरी आले. मुलगा आठ महिने वर्गात नव्हता. त्यास आवाज ऐकू येत असत. उपचारांनी तो पुष्कळ सुधारला होता व परीक्षेस बसू पाहत होता. हजेरीच्या सवलतीसाठी वैद्याचा दाखला हवा. खरा दाखला वडिलांच्या खिशात होता, पण त्यावर मनोरुग्णालयाचा शिक्का. म्हणून त्यांनी दुसरा आणला होता, विषमज्वराचा. ''सर, धाकटीचं ठरत आलंय,'' एवढेच ते म्हणाले. आम्ही उभा जन्म इतिहासाच्या साधनांची सत्यासत्यता शिकविण्यात घालविला. त्या रात्री विषमज्वराच्या दाखल्यावर शिफारशीची सही केली.

मुलगा उत्तीर्ण झाला. पेढे घेऊन आला तेव्हा आम्ही प्रकृतीची चौकशी केली. ती उत्तम होती. जाताना दारात थांबून तो म्हणाला, ''सर, विषमज्वरात काय काय होतं ते सगळं वाचून ठेवलंय. किती दिवस ताप, काय खायचं, केस गळतात ते. कोणी विचारलं तर सांगता यायला हवं.''