तरवड, टाकळा आणि कासविंदा

तरवड, टाकळा आणि कासविंदा या सेना (पूर्वीचे नाव कॅसिया) प्रजातीतील पिवळ्या फुलांच्या तीन जाती आहेत. शिरूर व दौंड या पुणे जिल्ह्यातील कमी पावसाच्या तालुक्यांत त्या माळरानांवर व रस्त्यांच्या कडेने उगवतात. केवळ फुलांवरून त्यांची ओळख पटत नाही. पाने व शेंगा पाहाव्या लागतात.

तरवड हे बहुवर्षायू झुडूप आहे. पानाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे असतात. ‘ऑरिक्युलाटा’ हे जातिनाम त्यावरूनच पडले. शेंग चपटी व पातळ असते. साल कातडी कमावण्यासाठी वापरतात. शेळ्या सहसा त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून चराऊ माळांवरही ते टिकून राहते.

खरी गल्लत उरलेल्या दोहोंत होते आणि ती धोक्याची आहे. टाकळ्याची कोवळी पाने पावसाळ्यात भाजीसाठी खुडतात. त्याच्या पानात बहुधा दलांच्या ३ जोड्या असून दलांची टोके गोलसर असतात. कासविंद्यात ४ ते ६ जोड्या व टोकदार दले असतात. शिवाय देठाच्या अगदी तळाशी एक ग्रंथी दिसते. टाकळ्यात ग्रंथी दलांच्या जोड्यांमध्ये असते. उग्र वास दोन्हींना येत असल्याने ती खूण निरुपयोगी होय. टाकळ्याची शेंग बारीक, लांब व वाकडी, तर कासविंद्याची चपटी व फिकट कडांची असते. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशातील लहान मुलांना झालेल्या यकृत, स्नायू व मेंदूच्या जीवघेण्या आजाराचा संबंध त्या खाण्याशी जोडला गेला आहे.