कॅन्सर वाढला म्हणता, पण मोजला कुणी?

निफाड-दिंडोरीकडे बातमीसाठी गेलो की टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "फवारण्यांमुळे कॅन्सर वाढलाय, छापा की राव!" मी छापत नाही. खोटं आहे म्हणून नव्हे. वाढला म्हणजे कधीपेक्षा, कुठल्या गावापेक्षा, हे मला सांगता येत नाही म्हणून.

हा हिशेब मांडायची रीत आपल्याच राज्यात आहे. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली. १९७० मध्ये पाच खंडांतल्या कॅन्सरच्या आकड्यांचा जो जागतिक ग्रंथ निघाला, त्यात मुंबई होती.

इतक्या देशांचे आकडे एका पानावर बसले, कारण नियम सगळ्यांना एकच. नवा रुग्ण एकदाच मोजायचा. बाहेरगावाहून उपचाराला आलेला आपल्यात धरायचा नाही. आजाराला जगभर एकच सांकेतिक क्रमांक. आणि कुठे म्हातारी माणसं जास्त, कुठे तरणी, तो फरक काढून मगच तुलना.

पण खेड्यात माणूस दवाखान्यात पोचतच नाही, मग नोंद कसली? १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातून डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावली. एकूण कॅन्सर मुंबईपेक्षा कमी निघाला, पण बायकांत गर्भाशयमुखाचा सगळ्यात जास्त.

त्या कामाच्या पायावर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) १ लाख ३० हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्हीची एकच तपासणी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावर वादही झाला, तो रास्तच होता. पण जगाने दखल घेतली ती आपल्या खेड्यांतल्या बायकांच्या नोंदींची.

आता आपल्याकडे या. आपले कितीतरी पेशंट उपचाराला मुंबई गाठतात. नुसत्या नाशिकच्या दवाखान्यांतले कागद मोजले तर ते सुटणार, आणि धुळे-नंदुरबारहून आलेले आपल्या नावावर चढणार. मोजायचं तर गाव धरून, त्याच नियमांनी, वर्षानुवर्षं. द्राक्षाच्या प्लॉटवर कुठली फवारणी कधी केली याची वही आपण ठेवतोच ना? मग माणसांची का नको?

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोण काढणार, सांगा. ती बातमी मी नक्की छापतो.