टोकदार स्क्रूचं घराणं

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडात बसवायचा स्क्रू पुढून बोथट असे. गिरमिटाने आधी भोक पाडायचं, मग स्क्रू फिरवत बसायचं.

जॉन सटन नेटलफोल्डने असल्याच स्क्रूंवर बस्तान बसवलं. १८२३ साली त्याने लंडनच्या हॉबर्न भागात हार्डवेअरचं दुकान टाकलं. मग तो स्वतःच स्क्रू पाडू लागला. आधी सनबरीत, थेम्सकाठी पाणचक्कीवर, आणि नंतर बर्मिंगहॅमला.

टोकदार स्क्रू मात्र त्याचा नव्हे. टॉमस स्लोनने अमेरिकेत १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. टोकापर्यंत आटे असल्यामुळे हा स्क्रू लाकडात आपणच वाट काढत शिरायचा. नेटलफोल्डची हुशारी एवढीच, की आपला बोथट माल आता संपला हे त्याने ओळखलं. टोकदार स्क्रूच्या पेटंटचे हक्क आणि यंत्रं विकत घ्यायचा खर्च मिळून सुमारे ३०,००० पौंड होता. त्याने मेहुण्याला गाठलं. लंडनमध्ये जोड्यांचा धंदा करणाऱ्या या मेहुण्याने १०,००० पौंड घातले आणि पैशावर नजर ठेवायला १८५४ मध्ये अठरा वर्षांच्या मुलाला बर्मिंगहॅमला धाडलं.

तो मुलगा म्हणजे जोसेफ चेंबरलेन. त्याचा आतेभाऊ, म्हणजे नेटलफोल्डचा मुलगा, यंत्रं बघायचा, हा हिशेब आणि विक्री. फ्रान्सच्या गिऱ्हाइकाला निळ्या कागदातला माल आवडतो हे कळल्यावर तिकडचे पुडे निळ्या कागदात बांधले गेले. प्रतिस्पर्धी कारखाने एकेक करून विकत घेतले गेले. इंग्लंडमधले दोन तृतीयांश स्क्रू याच घराण्याचे झाले. मक्तेदारीच म्हणायची ती. १८७४ मध्ये चेंबरलेन मंडळींनी आपला वाटा नेटलफोल्डांना विकला. जोसेफच्या हाती सुमारे १,२०,००० पौंड आले. तेव्हा तो बर्मिंगहॅमचा महापौर होता, आणि पुढचं सगळं राजकारण त्याने या पैशाच्या जोरावर केलं. म्युनिक कराराचा पंतप्रधान नेव्हिल हा त्याचाच मुलगा.

बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेदिकमध्ये आर्थर कीनची नट-बोल्टची कंपनी जोरात होती. ती आधी गेस्ट घराण्याच्या पोलाद कारखान्याशी जोडली गेली, आणि १९०२ मध्ये नेटलफोल्डही तिच्यात आले. गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स, म्हणजेच जीकेएन. आपल्याकडे तिची शाखा होती ‘गेस्ट कीन विल्यम्स’. कलकत्त्याची ही कंपनी भांडुपलाही होती, आणि ‘नेटलफोल्ड’ छापाचे स्क्रू आपल्या सुतारांच्या हाती तिने दिले.

२०१८ मध्ये मेलरोज कंपनीने जीकेएन सुमारे ८ अब्ज पौंडांना घेतली. तेव्हा ती विमानांचे आणि मोटारींचे भाग बनवत होती. स्क्रूचा धंदा तिने केव्हाच सोडला होता.