बक्षीसपत्र रद्द करणे (ज्येष्ठ नागरिक)

आई-वडिलांनी मुलामुलींना बक्षीस दिलेले घर, प्लॉट किंवा शेत, सांभाळ होत नाही म्हणून परत मिळवण्याची कार्यवाही. आधार : आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007, कलम 23.

एरवी नोंदणी होऊन स्वीकारलेले बक्षीस केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882, कलम 126), आणि फसवणूक सिद्ध करायला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हाताऱ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. 2007 च्या कायद्याने ही वाट जवळ आणली. साठी ओलांडलेल्या व्यक्तीने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने अट मोडली, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असे कायदाच मानतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यातले प्रकरण उच्च न्यायालयात गेलेच, तर ते नागपूर खंडपीठापुढे येते.

वाद पेटतो तो अटीवरून. ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ हे शब्द दस्तात हमखास असतात. सांभाळाची ओळ लिहून घ्यायला मात्र आई-बापाचे मन धजत नाही. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2022 रोजी स्पष्ट केले की, अशी अट होती हे दाखवता आले नाही तर कलम 23 लागू होत नाही. 2 जानेवारी 2025 च्या निकालात मात्र न्या. सी. टी. रविकुमार व न्या. संजय करोल यांनी कायद्याचा हेतू पुढे ठेवला. मध्य प्रदेशातील त्या आईने बक्षीसपत्रासोबत मुलाकडून सांभाळाचे वचनपत्र घेतले होते. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा तिला देण्याचा आदेश दिला. त्याआधी 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही अंधेरीतील एका वडिलांनी मुलाला दिलेला फ्लॅटचा अर्धा हिस्सा परत घेण्यास मान्यता दिली होती.

हिंगणा तालुक्यात हा प्रश्न जमिनीच्या मोलाशी बांधलेला आहे. एमआयडीसी आधीपासून होती; पुढे लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आली, शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग निघाला. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातवंडांना राहते घर वा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये. सवलत योग्यच आहे, पण त्यामुळे सही करणे फार सोपे झाले आहे. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधकांनीच वृद्ध दात्याला सांभाळाच्या अटीबद्दल विचारायला हवे. ती एक ओळ दस्तात असली, तर पुढे तोंडी कबुलीचे साक्षीदार शोधत फिरावे लागत नाही.