ट्यूब प्रीॲम्पचा आवाज १०० तासांनी खरंच खुलतो का?

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवतोय? बटण फिरवलं की लगेच गाणं लागायचं नाही. आतले व्हॉल्व्ह तापायचे, मग आवाज यायचा. तेच व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, आजही महागड्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये असतात. प्लेयरकडून आलेला सिग्नल मुख्य ॲम्प्लिफायरला पुरेल इतका करायचा, हे प्रीॲम्पचं काम.

नवा ट्यूब प्रीॲम्प घेणारे बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात. पहिल्या दिवशी आवाज कोरडा, वरचे सूर टोचणारे. ५०-१०० तास वाजवला की डग्गा घुमायला लागतो, तानपुरा गायकाच्या मागे जाऊन बसतो. याला म्हणतात 'ब्रेक-इन'.

यात तथ्य आहे, पण थोडंच. नव्या ट्यूबमधून होणारं इलेक्ट्रॉनचं उत्सर्जन सुरुवातीच्या काही तासांत स्थिरावतं. बराच काळ पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही वीज मिळाल्यावर पूर्ववत होतात. मात्र तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याचा कानही त्या आवाजाला सरावलेला असतो, आणि हे कुणी हिशेबात धरत नाही.

खरा खर्च सुरू होतो तो ट्यूब बदलण्याच्या नादात. १२एएक्स७ (युरोपातलं नाव ईसीसी८३), १२एटी७ आणि १२एयू७ या तिन्ही नऊ पिनांच्या ट्यूब एकाच सॉकेटमध्ये बसतात. पण त्यांचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर अनुक्रमे सुमारे १००, ६० आणि २० आहे. म्हणजे ट्यूब बदलली की आवाजाची पातळीच बदलते, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो! पातळी सारखी न करता केलेली तुलना म्हणूनच फारशी कामाची नाही.

एकाच प्रकारच्या दोन कंपन्यांच्या ट्यूबमध्ये फरक असतो, पण तो मुख्यतः खरखर, गुणगुण आणि टिचकी मारल्यावर स्पीकरमधून येणाऱ्या 'टण्ण'चा. मुलार्ड, टेलिफुंकनच्या जुन्या ट्यूबना त्यासाठी नव्याच्या कैक पट भाव मिळतो. साहजिकच, साध्या ट्यूबवर मोठं नाव छापून विकणारेही आहेत.

मग पारख करायची कशी? ट्यूब बदलून, तापवून पुन्हा ऐकेपर्यंत काही मिनिटं जातात आणि तोवर आधीच्या आवाजातले बारकावे कान विसरलेला असतो. त्यापेक्षा नवी ट्यूब महिनाभर वापरावी, मग जुनी परत लावावी. आवाज पातळी सारखी करूनही काही हरवल्यासारखं वाटलं, तर पैसे वसूल.

एक मात्र पक्कं. ईसीसी८८ त्याच सॉकेटमध्ये बसते, पण तिच्या हीटरची जोडणी वेगळी असते, त्यामुळे प्रीॲम्पच्या माहितीपुस्तिकेत दिलेलीच ट्यूब लावावी. शिवाय आत अनेकदा २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो.