जकार्ता १९६२: दोन सुवर्णपदकं आणि आपला विसर

कोयनानगर म्हटलं की आपल्याला दोन साल आठवतात. एक १९६७, म्हणजे ११ डिसेंबरचा भूकंप. दुसरं १९६२, जेव्हा कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातून वीज सुरू झाली. आज बोलायचंय ते १९६२ बद्दलच, पण विजेबद्दल नाही. त्याच वर्षी आपल्या या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातल्या दोन पैलवानांनी परदेशात जे करून दाखवलं, ते आज किती जणांना माहीत आहे?

चौथी आशियाई क्रीडा स्पर्धा इंडोनेशियात जकार्ताला झाली, २४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर १९६२. भारताच्या कुस्ती संघाने तिथे बारा पदकं आणली. तीन सुवर्ण, सहा रौप्य, तीन कांस्य. एकाच आशियाई स्पर्धेत इतकी पदकं आपल्या कुस्तीला त्यानंतर कधी मिळालेली नाहीत. त्या तीन सुवर्णांपैकी एक मालवा यांचं, ५२ किलो गटातलं. उरलेली दोन्ही सांगली जिल्ह्यातली! शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठे पिरानचे मारुती माने.

इथे एक गंमत सांगतो. सांगली जिल्ह्याला १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणायचे. आंदळकरांचा जन्म १९३५ चा, तेव्हा शिराळा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्यामुळे हे पैलवान सांगलीचे की साताऱ्याचे, हा वाद घालायचं कारणच नाही. दोघांचे.

आता नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथे आहे. दोघांनी प्रत्येकी दोन पदकं मिळवली. माने ९७ किलो गटात फ्रीस्टाइलमध्ये पहिले, ग्रीको-रोमनमध्ये दुसरे. आंदळकरांचं उलटं. ९७ किलोवरच्या गटात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य.

ग्रीको-रोमन म्हणजे काय? कमरेच्या खाली पकड करायची नाही, पायाचा वापर करायचा नाही. आपल्या मातीतल्या पैलवानाला हे सांगणं म्हणजे अर्धे डाव काढून घेणंच की हो! पट काढायला समोरच्याचा पाय धरावा लागतो, तो गेला. हातात धोबीपछाडसारखे वरच्या अंगाचे डाव तेवढे उरतात. त्यात मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालणारी, आणि गादीवर ठरावीक मिनिटं आणि गुण. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत लाल मातीत घडलेला माणूस असल्या प्रकारात आशियात पहिला येतो. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत पाहिलं, तर आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमधलं भारताचं सुवर्ण हे एवढं एकच आहे. एकच!

ती स्पर्धाही साधी नव्हती. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश दिला नाही. भारताचे गुरुदत्त सोंधी, म्हणजे या आशियाई स्पर्धांची कल्पना ज्यांनी रुजवली ते, त्याविरुद्ध उभे राहिले. मग जकार्तात भारताविरुद्ध वातावरण तापलं, आपल्या दूतावासावर जमाव चालून गेला. शेवटच्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात प्रेक्षक आपल्या संघाची हुर्यो उडवत होते, तरी आपण दक्षिण कोरियाला २-१ ने हरवलं. मिल्खा सिंग यांनी ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं तेही इथेच.

मग एवढं सगळं विसरलं कसं गेलं? माझ्या मते पहिलं कारण तारखांमध्ये आहे. स्पर्धा संपली ४ सप्टेंबरला. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. दीड महिन्यात देशाचं लक्ष पार बदललं. आपल्याच भागातले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या धामधुमीत कुस्तीची पदकं कोण आठवणार?

दुसरं कारण आपल्यातच आहे. आपल्याकडे पैलवानाची ओळख पदकाने होत नाही, किताबाने होते. आंदळकर म्हणजे १९६० चे हिंदकेसरी, माने म्हणजे १९६४ चे हिंदकेसरी. गावात विचारा, हेच सांगतील. जकार्ता कुणी सांगणार नाही. आंदळकरांना १९६४ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते टोकियो ऑलिम्पिकमध्येही खेळले. मानेंना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २००५ मध्ये. सुवर्णपदकानंतर ४३ वर्षांनी.

आणि हा नुसता आठवणीचा प्रश्न नाही हं. १९६२ नंतर आशियाई स्पर्धेत भारताला कुस्तीत सुवर्ण मिळालं, चंदगीराम, राजिंदर सिंग, कर्तार सिंग, सतपाल, योगेश्वर दत्त, बजरंग पुनिया, विनेश फोगट. या यादीत एकही मराठी नाव नाही. सहा दशकं झाली.

लोक म्हणतात, आपली पोरं मातीतली, गादीवर जमत नाही. जकार्ताने हे तेव्हाच खोटं ठरवलं होतं. त्याआधी दहा वर्षं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला ऑलिम्पिक कांस्य जिंकून हेच दाखवलं होतं. अलीकडे २०१८ मध्ये राहुल आवारेंनी राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेतलं. म्हणजे अंगात कमी नाही. पण आपल्या जत्रेचं मैदान बघा. पोरांच्या नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि सगळ्यात मोठं इनाम शेवटच्या जोडीला, जड पैलवानांना. मान तिथे, पैसा तिथे. मग ५७ किंवा ६५ किलोचा हुशार मुलगा वजन राखून गादीवर का घाम गाळेल? आशियाई स्पर्धेत तर प्रत्येक वजनाच्या पदकाची किंमत सारखीच.

दुसऱ्या खेळांत हे गणित आपल्याच मुलींनी सोडवलंय. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१४ ला इंचॉनमध्ये स्टीपलचेसचं कांस्य आणलं. साताऱ्याच्या अदिती स्वामीने हांगझोऊला तिरंदाजीत सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य घेतलं. या खेळांना आपल्याकडे ना जत्रा होती, ना इनाम. त्यांनी थेट पदकावरच नजर ठेवली.

तेव्हा मंडळी, पुढच्या जत्रेत मैदानाला गेलात तर पंच कमिटीला एवढंच सुचवा. एखादं मोठं इनाम हलक्या वजनाच्या जोडीलाही ठेवा. आणि पुकारणाऱ्याला सांगा, आंदळकर-माने यांचं नाव घेताना हिंदकेसरीच्या जोडीने जकार्ताही म्हण. पोरांच्या कानावर तर पडू दे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.